ठरावबुकातले तळे

लोकशाहीचा इतिहास लिहिणारे विद्वान संसदेच्या कामकाजाचे जाडजूड खंड चाळतात, विधिमंडळातील गाजलेली भाषणे धुंडाळतात. परंतु एखाद्या लहान गावच्या नगरपालिकेचे ठरावबुक उघडून पाहावे असे त्यांपैकी फारच थोड्यांना वाटते. त्यांना तरी दोष कसा द्यावा? या वह्यांइतके नीरस लेखन दुसरे शोधून सापडायचे नाही. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. अमक्या गल्लीतील मोरी फुटली आहे, ती बांधून काढावी. तमक्या चौकातील कंदिलास तेल पुरत नाही, ते किती वाढवावे याचा विचार व्हावा. कोंडवाड्याचा मक्ता कोणास द्यावा, भटक्या कुत्र्यांचे काय करावे, दवाखान्याच्या कौलांची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी होईल की नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पानामागून पाने अशीच.

आणि तरीही, या शतकाच्या मागच्या शतकातील पहिली तीस-पस्तीस वर्षे, म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीत मोटारीचे चाक प्रथम पडले तो काळ, ज्याला खरोखर समजून घ्यायचा आहे त्याने प्रथम या वह्यांकडे वळले पाहिजे असे माझे मत आहे. मुंबई-पुण्यातील वृत्तपत्रे त्या काळी काय लिहीत होती हे आपल्याला ठाऊक आहे. गावाने प्रत्यक्षात काय केले, कोणासाठी केले आणि कोणाला वगळून केले, हे मात्र ठरावबुकातच सापडते.

या संस्थांचा पाया लॉर्ड रिपन यांच्या १८८२च्या ठरावाने घातला गेला असे आपण शाळेत शिकतो. लहान गावांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो मुंबई इलाख्याचा १९०१चा जिल्हा नगरपालिका कायदा. सभासदांपैकी काही निवडून येत, काही सरकार नेमी. मतदानाचा हक्क करदात्यांना व ठराविक पात्रतेच्या मंडळींनाच असे. जिल्हाधिकाऱ्याची नजर सतत पाठीवर. त्याला न रुचलेल्या ठरावाची अंमलबजावणी तो थांबवू शके. करांची यादी पाहिली म्हणजे त्या काळचे गावच डोळ्यांपुढे उभे राहते: घरे व जमिनींवरील पट्टी, गावात ठेवलेल्या गाड्यांवरचा, होड्यांवरचा आणि घोड्या-बैलांवरचा कर, बाहेरून येणाऱ्या गाड्यांवरचा टोल, मालावरची जकात, कुत्र्यांवरचा कर, सफाईपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर. यांतील प्रत्येक बाब लागू करण्यापूर्वी लोकांच्या हरकती मागवाव्या लागत, आणि हरकती घेण्यात आपल्या गावांनी कधी कुचराई केलेली नाही. उत्पन्न तुटपुंजे, कामे अनंत आणि सभासदांना रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी जायचे, त्याच शेजाऱ्यांना तोंड द्यायचे. नगरपालिकेच्या सभासदत्वातील ही अडचण कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नसते.

अशा या व्यवस्थेत मोटार आली. मुंबईत ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली होती, १९११मध्ये तेथे टॅक्सी धावू लागल्या, आणि १९१४चा मोटार वाहन कायदा होऊन गाडीची नोंदणी व चालकाचा परवाना ही दोन प्रकरणे देशभर सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर तालुक्याच्या गावांना जोडणाऱ्या ‘सर्व्हिस मोटारी’ दिसू लागल्या. गाडी भरेल तेव्हा सुटेल हेच त्यांचे वेळापत्रक. छपरावर बोचकी, आत दाटीवाटी, मागे धुरळा.

या धुरळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण नगरपालिकांना मोटारीचा पहिला परिचय झाला तो प्रगतीच्या रूपाने नव्हे, धुळीच्या रूपाने. त्या काळचा चांगला रस्ता म्हणजे खडी अंथरून, वर मुरूम पसरून, पाणी मारून रोलरने दाबलेला रस्ता. बैलगाडीची लोखंडी धाव त्या खडीचा हळूहळू भुगा करी. पण तोच भुगा पाण्याबरोबर पुन्हा खडीच्या फटीत बसून रस्ता बांधून ठेवी. मोटारीच्या रबरी चाकाची तऱ्हा निराळी. ते खडी फोडत नसे. मात्र वेगाने जाताना फटींतील बारीक माती उपसून वर उडवी. भुगा करायचे काम बैलगाडीकडे आणि तो उडवायचे काम मोटारीकडे, अशी दोघांची भागीदारी झाली आणि रस्ते पूर्वी कधी बिघडले नव्हते इतक्या झपाट्याने बिघडू लागले. दुकानदाराच्या गुळावर धूळ, हलवायाच्या ताटांवर धूळ. त्याने अर्ज करावा आणि नगरपालिकेने ठराव करावा की बाजारपेठेतून मोटारी सावकाश हाकाव्यात, रस्त्यावर दुपारी पाणी शिंपडावे. पाणी आणायचे कोठून? एप्रिल-मे महिन्यात पिण्याच्या पाण्यासाठी जेथे रांगा, तेथे रस्त्यावर पखाली ओतायच्या कशा? डांबर हा उपाय ठाऊक होता. परंतु त्याचा खर्च लहान गावाच्या अंदाजपत्रकात बसण्यासारखा नव्हता.

याहून बिकट प्रश्न पैशाचा. गावातून जाणारा मोठा रस्ता कोणाचा? काही मैल सरकारच्या बांधकाम खात्याकडे, काही लोकल बोर्डाकडे, गावच्या हद्दीतला तुकडा बहुधा नगरपालिकेकडे. मोटार मात्र एका फेरीत तिघांच्याही हद्दी ओलांडून जाणार. बैलगाडी गावची होती, तिच्यावर कर बसवता येत होता. ही मोटार परगावच्या मालकाची, ती गावाला देणार फक्त टोल. म्हणून नाक्यावर बांबू आडवा आला. प्रत्येक गावाने आपापला बांबू आडवा करताच प्रवासी व मोटारमालक हैराण झाले. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७मध्ये नेमलेल्या रस्तेविषयक समितीपुढे हाच गोंधळ होता. तिच्या शिफारशीवरून १९२९मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे करण्यात आला आणि वाढीव दोन आणे रस्ते निधीत टाकण्यात आले. पुढे १९३५च्या मोटार वाहन कराच्या कायद्याने मुंबई इलाख्यात मोटारींवरील कर प्रांतिक सरकारने आपल्या हाती घेतला आणि स्थानिक संस्थांच्या वाट्याला त्याबदली भरपाई आली. सोय झाली हे खरे. परंतु स्वतःच्या नाक्यावर वसूल केलेला पैसा आणि वरून मंजूर होऊन आलेला पैसा यांत जो फरक असतो, तो ज्याने कधी सरकारी अनुदानाची वाट पाहिली आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढ्यावरच थांबलो असतो तर हा लेख रस्तेबांधणीच्या इतिहासाचा एक किरकोळ परिच्छेद ठरला असता. पण मोरी, कंदील, मोटार आणि टोल या सर्व ठरावांच्या मुळाशी एकच शब्द होता, आणि तो आजही आपण पुरेसा पचवलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘सार्वजनिक’. सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक दिवा, सार्वजनिक विहीर. या ‘सर्व जनां’त कोण कोण येतात, हा प्रश्न एका लहानशा गावच्या ठरावबुकातच ऐरणीवर आला. ते गाव महाड.

सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडून संमत करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या अगर कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा व धर्मशाळांचा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, असा त्याचा आशय. सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. ठरावाची मांडणी किती विचारपूर्वक होती पाहा. तो धर्माविषयी काहीच बोलत नाही. तो विचारतो एवढेच की, हा पैसा कोणाचा आणि ही संस्था कोणी निर्माण केली? हा नगरपालिकेच्या हिशेबनिसाला कळणारा प्रश्न होता.

महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. त्या सभेतही दिवाबत्ती आणि गटारे यांचे विषय असतील, नसतील. एवढे निश्चित की तो एक ठराव होता, इतर ठरावांसारखा. आणि इतर कित्येक ठरावांसारखाच तो कागदावर राहिला. फुटलेली मोरी बांधण्याचा ठराव अमलात आला नाही तर सांडपाणी वाहत राहते. हा ठराव अमलात आला नाही, तर जे वाहत होते ते तसेच वाहत राहिले, आणि त्याचा वास ज्यांना येत होता त्यांना ठरावबुकात जागा नव्हती. १९२६च्या ऑगस्टमध्ये बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला: ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. अनुदानाची भाषा या संस्थांना अधिक समजते, हे त्यांनी तीन वर्षांत ओळखले असावे.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे या चळवळीच्या बाजूचे होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे डॉ. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. ज्या गावाचे तळे तीन वर्षांपूर्वी कागदोपत्री खुले झाले होते त्याच गावात! मोठमोठ्या भाषणांहून मला हा चाळीस रुपयांचा आकडा अधिक बोलका वाटतो. २० मार्चला डॉ. आंबेडकर व त्यांच्यामागून हजारो माणसे शांतपणे चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. ती सत्याग्रहाची कृती होती यात शंका नाही. पण त्याच वेळी ती नगरपालिकेच्या एका पडून राहिलेल्या ठरावाची अंमलबजावणीही होती. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना झालेली मारहाण आणि दही, दूध, गोमूत्र, शेण यांच्या घागरी ओतून झालेले तळ्याचे शुद्धीकरण यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

त्या मानाने ज्या गोष्टीविषयी कमी बोलले जाते ती ही: ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. बोल्यांचा ठराव संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तारखांचा हा योगायोग असेल. परंतु ज्या हातांनी दार उघडल्याची नोंद केली त्याच हातांनी ते लावल्याचीही नोंद करावी, आणि ठरावबुकाने दोन्ही नोंदी सारख्याच निर्विकारपणे जपाव्यात, यात या संस्थेचे सामर्थ्य आणि दौर्बल्य दोन्ही दिसते. सभासद दुष्ट होते असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. माझा तर्क निराळा आहे. त्यांना रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी जायचे होते.

आता मोटारीकडे परत येऊ. कारण ती या कथेत अनपेक्षितपणे येते. डिसेंबर १९२७मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर व दोनशेच्या आसपास मंडळी मुंबईहून बोटीने निघाली. नेहमीचा मार्ग धरमतरला उतरून पुढे मोटारीने महाड गाठण्याचा. त्यांनी मात्र लांबचा दासगाव बंदराचा मार्ग धरला. कारण साधे होते. धरमतरला मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर पुढची वाट चालून जाण्याजोगी नव्हती. दासगावाहून महाड पाच मैलांवर, तेथून पायी जाता येई. २५ डिसेंबरला ते दासगावला उतरले. म्हणजे ज्या नव्या वाहनाने गावोगावची सोवळी-ओवळी मोडून निघतील, एका बाकावर सगळ्यांना बसावे लागेल अशी सुधारकांची आशा होती, त्या वाहनावर विसंबून प्रवास आखण्याची सोय १९२७मध्ये नव्हती. यंत्राला जात नसते हे खरेच. पण यंत्राच्या मालकाला असते आणि शेजारच्या बाकावरच्या उतारूलाही असते. १९२९च्या ऑक्टोबरात चाळीसगावला काय घडले हे डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. त्यांना घेऊन जायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर वस्तीतल्याच एका माणसाने, हाकण्याची सवय नसताना, टांगा हाकला, मोरीवर अपघात झाला आणि डॉक्टरांचा पाय मोडला. सार्वजनिक रस्ता होता, भाड्याचे वाहन होते, आणि तरीही.

महाडला त्या डिसेंबरात परिषदेसाठी जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाची. तोवर प्रकरण न्यायालयात गेले होते. १२ डिसेंबरला दावा दाखल झाला आणि दोनच दिवसांत तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई झाली. सत्याग्रह तहकूब करून लोक परतले. दाव्यात मुद्दा हा की चवदार तळे हे वरिष्ठ जातींच्या खाजगी वहिवाटीचे की नगरपालिकेचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादिकालापासूनची आहे काय. महाडचे न्यायालय, ठाण्याचे न्यायालय, मग उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत दावा १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड (१९२२मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच) यांच्या खंडपीठाने वादींचे अपील फेटाळले. अशी रूढी सिद्ध होत नाही आणि तळे नगरपालिकेकडे निहित आहे, हे त्या निकालाचे सार. नऊ वर्षे आणि तीन महिने लागले. मधल्या काळात रस्ते निधी उभा राहिला, मोटारींचा कर प्रांताकडे गेला, नाक्यांवरचे बांबू उठले. एका तळ्याच्या पाण्याचा प्रश्न त्याहून सावकाश सुटला.

संविधानाचा पंधरावा अनुच्छेद काढून त्याचे दुसरे कलम वाचावे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा. ज्यांचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून होतो अशा. बोल्यांच्या ठरावाशी त्याचे जे नाते दिसते ते शब्दांच्या साम्याएवढेच मर्यादित नाही. निकष तोच आहे: पैसा कोणाचा? देशाच्या मूलभूत कायद्यात जी तत्त्वे आपण कोरून ठेवली त्यांची चाचणी आधी लहान गावांच्या बैठकीत, कंदिलाच्या उजेडात झाली होती, आणि ती काही ठिकाणी नापासही झाली होती.

कोणी म्हणेल, महाड हा अपवाद. बाकीच्या शेकडो ठरावबुकांत मोरी आणि कंदीलच आहेत. असतील. परंतु कंदील कोणत्या गल्लीत लागला आणि कोणत्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबला, नळाची तोटी कोणत्या चौकात बसली, मोटारतळ कोठे झाला आणि सफाईपट्टी घेऊनही कोणाची गटारे कधी उपसली गेली नाहीत, हे त्या मोरी-कंदिलांच्या नोंदींतूनच वाचायचे असते. ते वाचण्यासाठी वह्या शिल्लक हव्यात. दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) जुनी इतिवृत्ते पाहावीत म्हणून मी गेलो होतो. दप्तर जिन्याखालच्या खोलीत होते. १९३०पूर्वीच्या दोन वह्या निघाल्या. एकीला वाळवी लागलेली, दुसरीची पाने पुरात भिजून एकमेकांना चिकटलेली. कारकून भला माणूस होता. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, ‘साहेब, हे कायम जतन करायचे रेकॉर्ड आहे, म्हणून तर टाकून दिलेले नाही.’

दुसरी गोष्ट अलीकडची. २०२२पासून महाराष्ट्रातील कितीतरी नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, न्यायालयीन तारखा यांत वर्षे गेली आणि मतदान झाले ते २०२५च्या डिसेंबरात. या काळात कामे थांबली नाहीत, काही तर अधिक वेगाने झाली असे सांगितले जाते, आणि ते खोटेही नसेल. परंतु त्या वर्षांची ठरावबुके उद्याच्या अभ्यासकाने उघडली तर त्याला काय दिसेल? प्रशासकाने विषय मांडला, प्रशासकानेच मंजूर केला, प्रशासकानेच सही केली. सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोधी मत नाही, हरकत नाही. १९२७च्या महाडात निदान कोणीतरी बैठकीत बसून, शेजाऱ्यांच्या देखत, हात वर करून चूक केली होती, आणि म्हणून ती पुढे कोर्टात खेचता आली.

नवे सभासद आता खुर्च्यांवर बसले आहेत. त्यांच्या पहिल्या काही सभांत स्वागत, अभिनंदन आणि चौकांची नामकरणे होतील, ती होऊ द्यावीत. त्यानंतर एखाद्या सभेत एक किरकोळ विषय घ्यावा: जिन्याखालच्या खोलीतील १९४७पूर्वीची ठरावबुके बाहेर काढून, वाळवून, त्यांच्या छायाप्रती गावच्या वाचनालयात ठेवण्याचा. खर्च एका स्वागत कमानीहून अधिक येणार नाही. महाडच्या नगरपरिषदेने तर, ती पाने हाती लागत असतील तर, जानेवारी १९२४चे आणि ४ ऑगस्ट १९२७चे अशी दोन्ही पाने शेजारी शेजारी लावावीत. एकच लावू नये.